१९६९ : रिकाम्या खुर्च्यांचं वर्ष

१ जानेवारी १९६९ रोजी देशाच्या सर्वोच्च पदांवर कोण होतं? राष्ट्रपती होते डॉ. झाकीर हुसेन आणि उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी. पंतप्रधान इंदिरा गांधी, उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री मोरारजी देसाई, गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी, उपाध्यक्ष रघुनाथ केशव खाडिलकर. राज्यसभेच्या उपसभापती व्हायोलेट अल्वा. सरन्यायाधीश महंमद हिदायतुल्ला.

३१ डिसेंबरला यांच्यापैकी तिघंच जुन्या पदावर उरले होते : पंतप्रधान, गृहमंत्री आणि सरन्यायाधीश. त्यांतले सरन्यायाधीशही मधले पस्तीस दिवस राष्ट्रपतिपदाचं काम पाहून परतले होते. बाकीच्यांपैकी कुणाचा मृत्यू झाला, कुणी राजीनामा दिला, कुणाचं खातं काढून घेतलं गेलं. या वर्षात लोकसभेची निवडणूक झाली नाही, युद्ध झालं नाही. १९६७ साली निवडून आलेलीच लोकसभा काम करत होती. तरीही स्वातंत्र्यानंतर इतकी मोठी पदं इतक्या झपाट्याने रिकामी झाल्याचं दुसरं वर्ष सापडणं कठीण.

एखाद्या वर्षाचे पदाधिकारी म्हणजे नुसती नावांची यादी नसते. खुर्ची रिकामी झाली की ती कोण, कुठल्या नियमाने आणि किती काळ सांभाळतं, यावरून त्या देशाच्या व्यवस्थेची खरी ओळख पटते. १९६९ साल त्यासाठीच वाचायला हवं.

राज्यांतली चाहूल

वर्षाची सुरुवात दक्षिणेत झाली. १४ जानेवारीला मद्रास राज्याचं नाव अधिकृतपणे तमिळनाडू झालं. हे नाव मिळवून देणारे मुख्यमंत्री सी. एन. अण्णादुराई त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, ३ फेब्रुवारीला, कर्करोगाने गेले. नेदुंचेळियन यांनी आठवडाभर कारभार सांभाळला आणि १० फेब्रुवारीला एम. करुणानिधी मुख्यमंत्री झाले.

त्याच महिन्यात उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि पंजाब या राज्यांत मध्यावधी निवडणुका झाल्या. १९६७ मध्ये काँग्रेसचं अनेक राज्यांतलं बहुमत गेलं होतं आणि तिच्या जागी आलेली आघाडी सरकारं पक्षांतरांनी कोसळली होती. नव्या निवडणुकांनीही स्थैर्य आलं नाही. बिहारमध्ये हरिहर सिंह यांचं सरकार चार महिने टिकलं, त्यानंतर भोला पासवान शास्त्रींचं जेमतेम दोन आठवडे, आणि ४ जुलैला राष्ट्रपती राजवट आली. मध्य प्रदेशात मार्च महिन्यातच गोविंद नारायण सिंह गेले, नरेशचंद्र सिंह आले आणि तेही दोन आठवड्यांच्या आत पायउतार झाले. मग श्यामाचरण शुक्लांचा शपथविधी झाला. पश्चिम बंगालमध्ये अजय मुखर्जी मुख्यमंत्री आणि ज्योती बसू उपमुख्यमंत्री झाले, पण डिसेंबर उजाडला तेव्हा मुख्यमंत्री स्वतःच्याच सरकारच्या काळातल्या अराजकाविरुद्ध उपोषणाला बसले होते. केरळात ऑक्टोबरमध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं मंत्रिमंडळ गेलं आणि १ नोव्हेंबरला सी. अच्युत मेनन यांचं आलं.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात वसंतराव नाईक १९६३ पासून, आणि गोव्यात दयानंद बांदोडकर १९६७ पासून, मुख्यमंत्री म्हणून आपापल्या जागी होते. याचा अर्थ इथे सगळं शांत होतं असा नाही. फेब्रुवारीत बेळगावच्या प्रश्नावर मुंबई पेटली, गोळीबार झाले, माणसं मेली. पण विधानसभेतल्या बहुमताला धक्का लागला नाही. राज्यांत जे चाललं होतं ते दिल्लीपर्यंत पोचेल, असं मात्र वसंत ऋतूत फारसं कुणाला वाटत नव्हतं.

एक मृत्यू आणि घटनेतली पोकळी

३ मे रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं हृदयविकाराच्या झटक्याने निधन झालं. पदावर असताना मृत्यू पावलेले ते पहिले राष्ट्रपती. आयुष्यभर शिक्षक राहिलेल्या या माणसाला त्यांनी उभ्या केलेल्या जामिया मिलियाच्या आवारातच दफन करण्यात आलं.

पुढे काय करायचं हे घटनेने लिहून ठेवलं होतं. कलम ६५ प्रमाणे राष्ट्रपतिपद रिकामं झालं की उपराष्ट्रपती ते काम पाहतात आणि कलम ६२ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत निवडणूक व्हावी लागते. त्याच दिवशी गिरींनी शपथ घेतली. पण मग एक प्रश्न पुढे आला, ज्याचा घटना लिहिताना तपशीलवार विचार झाला नव्हता : राष्ट्रपती नाहीत आणि उपराष्ट्रपतीही नाहीत, असं झालं तर? कलम ७० ने अशा प्रसंगाची तरतूद संसदेवर सोपवली होती, पण एकोणीस वर्षांत संसदेला तशी गरज पडली नव्हती. मे महिन्यातच कायदा झाला : दोन्ही पदं रिकामी असतील तर सरन्यायाधीश, आणि तेही नसतील तर सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठतम उपलब्ध न्यायाधीश राष्ट्रपतींचं काम पाहतील. हा कायदा वापरण्याची वेळ दोन महिन्यांत येणार होती.

बंगळूरची बैठक

राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कोण, हा प्रश्न वरवर सन्मानाचा दिसत होता. पण १९६७ नंतर काँग्रेसचं लोकसभेतलं बहुमत घटलं होतं. उद्या कुणालाच स्पष्ट बहुमत नसेल, तर सरकार बनवायला कुणाला बोलवायचं हे राष्ट्रपती ठरवणार होते. म्हणून पक्षातले ज्येष्ठ नेते आणि पंतप्रधान, दोघांनाही या पदावर आपल्या विश्वासातला माणूस हवा होता.

जुलैत बंगळूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. पक्षाध्यक्ष होते एस. निजलिंगप्पा. १२ जुलैला पक्षाच्या संसदीय मंडळाने बहुमताने संजीव रेड्डी यांचं नाव ठरवलं. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचं नाव पुढे केलं होतं, ते मागे पडलं. रेड्डींच्या बाजूने मत देणाऱ्यांत कामराज आणि मोरारजींबरोबर महाराष्ट्रातले दोन नेते होते : मुंबईचे स. का. पाटील आणि गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. पुढे या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण त्या दिवशी ते एका बाजूला होते.

चार दिवसांनी, १६ जुलैला, पंतप्रधानांनी मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं. खात्याशिवाय उपपंतप्रधान राहणं मोरारजींना मान्य नव्हतं. त्यांनी राजीनामा दिला. उपपंतप्रधान हे पद घटनेत कुठेच नाही. वल्लभभाई पटेलांनंतर ते दुसऱ्यांदा मोरारजींसाठी निर्माण झालं होतं. ते रिकामं झालं तेव्हा कुणी भरलं नाही, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं या देशाला उपपंतप्रधान नव्हता. अर्थखातं पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतलं. पुढच्या वर्षी ते चव्हाणांकडे आलं.

दोन सह्या

१९ जुलै, शनिवार. संसदेचं अधिवेशन दोनच दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ खासगी बँका वटहुकमाने सरकारच्या मालकीच्या झाल्या. त्यांत मुंबईत मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, देना बँक होत्या आणि पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. छोटे व्यापारी, संस्था आणि मध्यमवर्गीय ठेवीदार यांच्या बळावर वाढलेल्या या पुणेरी बँकेच्या शाखांतही सोमवारी काम सुरू झालं ते नव्या मालकीखाली.

वटहुकमावर सही होती कार्यवाहू राष्ट्रपती गिरींची. लगेच २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला, कारण राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते अपक्ष म्हणून लढवणार होते. हा राजीनामाही एक घटनात्मक कोडंच होतं. राष्ट्रपतींनी राजीनामा उपराष्ट्रपतींकडे द्यावा आणि उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतींकडे, असं घटना सांगते. इथे एकच व्यक्ती दोन्ही कामं पाहत होती.

गिरींच्या या सहीला त्यांच्या आयुष्याचा संदर्भ आहे. ते मूळचे कामगार चळवळीतले. नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत लवादाने दिलेला निवाडा सरकारने बदलला, आणि त्या कारणावरून १९५४ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. पंधरा वर्षांनी त्याच बँकांच्या मालकीचा निर्णय त्यांच्या सहीने झाला.

मे महिन्यातला कायदा आता अमलात आला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला राष्ट्रपतींचं काम पाहू लागले आणि सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या जागी न्या. जयंतीलाल छोटालाल शहा कार्यवाहू सरन्यायाधीश झाले. हिदायतुल्ला नागपूरला चांगले ओळखीचे. मॉरिस कॉलेजचे ते विद्यार्थी, नागपूर उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली आणि १९५४ मध्ये त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं त्या आठवड्यात भारताच्या राष्ट्रपती भवनात एक न्यायाधीश होते. जुलैच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीत आले, त्यांचं यजमानपद हिदायतुल्लांकडे होतं.

त्यांच्या कार्यकाळातली सर्वांत महत्त्वाची घटना मात्र कागदावरची आहे. वटहुकमाची जागा घेणारं बँक राष्ट्रीयीकरणाचं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि ९ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. ती सही हिदायतुल्लांची होती. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं तेव्हा सुनावणी अकरा न्यायाधीशांच्या पीठापुढे झाली. त्या पीठावर सरन्यायाधीश बसले नाहीत. पीठाचे प्रमुख होते न्या. शहा. १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द झाला आणि सरकारला चार दिवसांत नवा वटहुकूम काढावा लागला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. खुर्चीत तात्पुरता बसलेला माणूस असला, तरी त्याच्या सहीचं वजन कायम पदाधिकाऱ्याइतकंच असतं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आर्थिक निर्णयाच्या दोन्ही सह्या, वटहुकमावरची आणि कायद्यावरची, दोन कार्यवाहू व्यक्तींच्या होत्या. त्या वैध होत्या, कारण दोघंही नियमाने तिथे आले होते. आणि त्या सहीची जबाबदारीही तितकीच खरी असल्यामुळे हिदायतुल्लांना न्यायालयात परतल्यावर त्या खटल्यापासून दूर राहावं लागलं.

लोकसभेतही हेच चित्र होतं. उमेदवारीसाठी संजीव रेड्डींनी १९ जुलैला अध्यक्षपद सोडलं. घटनेप्रमाणे अध्यक्षांचा राजीनामा उपाध्यक्षांच्या नावाने असतो. ८ ऑगस्टला गुरदयाल सिंग धिल्लाँ निवडून येईपर्यंत सभागृहाची धुरा उपाध्यक्ष खाडिलकरांवर होती. देशाचं राजकारण सर्वांत तापलेलं असताना आणि बँकांचं विधेयक समोर असताना महाराष्ट्रातला एक खासदार ते सभागृह चालवत होता.

तीन उमेदवार, तीन राजीनामे

राष्ट्रपतिपदासाठी पंधरा जण रिंगणात होते, पण खरी लढत तिघांत होती. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, अपक्ष गिरी, आणि जनसंघ व स्वतंत्र पक्षाने पुढे केलेले चिंतामणराव देशमुख.

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. मराठी माणसाच्या मनातलं त्यांचं स्थान त्या राजीनाम्याने कायमचं ठरलं. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष या दोघांचाही विरोध होता. त्यांच्या या उमेदवाराने मात्र अर्थमंत्री असताना जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा कंपन्यांचा कारभार वटहुकमानेच सरकारच्या ताब्यात आणला होता. चिंतामणरावांच्या कारकिर्दीकडे पाहिलं की माणसांना डाव्या-उजव्या रकान्यांत टाकणं किती अपुरं आहे हे कळतं.

रेड्डींनी १९६४ मध्ये आंध्र प्रदेशचं मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सरकारवर ताशेरे ओढले, म्हणून ते बाजूला झाले. गिरींचा १९५४ चा राजीनामा वर आलाच आहे. म्हणजे या तिन्ही प्रमुख उमेदवारांनी आपल्या आयुष्यात एकेकदा तत्त्वासाठी किंवा औचित्यासाठी मोठं पद सोडलेलं होतं. त्या वर्षीच्या डावपेचांच्या गदारोळात ही गोष्ट मागे पडली, पण त्या पिढीच्या सार्वजनिक जीवनाबद्दल ती पुष्कळ काही सांगते.

रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांनी सूचक म्हणून सही केली होती. पुढे निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले. त्यावर आक्षेप घेत इंदिरा गांधींनी पक्षादेश काढायला नकार दिला आणि मतदारांनी सदसद्विवेकाने मत द्यावं असं आवाहन केलं. ‘अंतरात्म्याचा आवाज’ हे शब्द तेव्हापासून भारतीय राजकारणात रुजले.

मतदान १६ ऑगस्टला आणि मोजणी २० ऑगस्टला झाली. पहिल्या पसंतीची मतमूल्यं अशी होती : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. गिरी सर्वांच्या पुढे असूनही सोळा हजारांनी मागे राहिले. मग उरलेल्या उमेदवारांची दुसऱ्या पसंतीची मतं मोजली गेली. त्यांतली बहुतांश रेड्डींकडे गेली, त्यांच्या खात्यात जवळजवळ ९२ हजारांची भर पडली. गिरींना मिळाली साडेअठरा हजार, पण तेवढी पुरेशी होती. अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं. म्हणजे तेरा खासदारांनी उलट मत दिलं असतं, तर देशाचा राष्ट्रपती बदलला असता. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीपर्यंत जावं लागलं ते त्या एकाच वेळी.

२४ ऑगस्टला गिरींचा शपथविधी झाला, हिदायतुल्ला न्यायालयात परतले. ३१ ऑगस्टला गोपाळ स्वरूप पाठक उपराष्ट्रपती झाले. मे महिन्यात उघडी पडलेली पोकळी ऑगस्टअखेर पूर्ण भरली. या तीन-चार महिन्यांत राज्यकारभार एक दिवसही थांबला नव्हता.

जिथे नियम पुरे पडले नाहीत

सप्टेंबरमध्ये अहमदाबाद आणि गुजरातच्या इतर भागांत भीषण दंगली झाल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेही मृतांची संख्या पाचशेच्या वर होती. वर्ष गांधीजींच्या जन्मशताब्दीचं होतं. दिल्लीतल्या पदांच्या घडामोडी कितीही रंजक असल्या, तरी त्या वर्षाचा हिशेब मांडताना ही माणसं मोजायलाच हवीत. पदं कुणीतरी सांभाळत होतं, माणसांचा जीव मात्र सांभाळला गेला नाही.

काँग्रेसमध्ये आता दोन केंद्रं झाली होती. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिरा गांधींना पक्षातून काढल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी संसदीय पक्षातल्या बहुसंख्य खासदारांनी पंतप्रधानांना पाठिंबा दिला. डिसेंबरात दोन काँग्रेसची दोन अधिवेशनं झाली, एक गुजरातेत आणि एक जगजीवन राम यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत. चव्हाण आणि महाराष्ट्रातली बहुतेक काँग्रेस इंदिरा गांधींबरोबर राहिली, स. का. पाटील निजलिंगप्पांच्या गटात, म्हणजे संघटना काँग्रेसमध्ये गेले.

लोकसभेत सरकारचं स्वतःचं बहुमत गेलं. ते कम्युनिस्ट, द्रमुक आणि इतरांच्या पाठिंब्यावर चालू लागलं. दुसरीकडे एक नवी गोष्ट घडली. सभागृहाच्या एक दशांश सदस्यसंख्या असेल तरच गटाला पक्ष म्हणून मान्यता, हा दंडक पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी घालून दिला होता. तोवर कुठल्याच विरोधी पक्षाने ती पायरी गाठली नव्हती. साठहून अधिक खासदारांची संघटना काँग्रेस तिथे पोचली आणि १७ डिसेंबरला राम सुभग सिंह लोकसभेचे पहिले अधिकृत विरोधी पक्षनेते झाले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ते याच सरकारात रेल्वेमंत्री होते.

राज्यसभेत नोव्हेंबरात व्हायोलेट अल्वांनी उपसभापतिपद सोडलं आणि काही दिवसांतच त्यांचं निधन झालं. मुंबईत वकिली केलेल्या या कर्तबगार बाईंनी सात वर्षं ते पद सांभाळलं होतं. त्यांच्या जागी १७ डिसेंबरलाच चंद्रपूरचे भाऊराव देवाजी खोब्रागडे निवडून आले. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतून घडलेले, रिपब्लिकन पक्षाचे हे नेते राज्यसभेच्या आसनावर बसले, ही त्या गोंधळाच्या वर्षातली एक मोठी आणि कमी सांगितली गेलेली घटना.

यादी कशी वाचायची

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यसभेच्या उपसभापती : ही घटनेतली पदं रिकामी झाली तेव्हा प्रत्येक ठिकाणी उत्तर तयार होतं, किंवा संसदेने ते वेळेत तयार केलं. माणसं एकमेकांविरुद्ध लढत असतानाही पुढे कोण हे कुणाला भांडून ठरवावं लागलं नाही. निवडणुकीतल्या उणिवांमधूनही व्यवस्था शिकली. १९७४ मध्ये राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराला दहा सूचक आणि दहा अनुमोदक आवश्यक झाले, आधी एकेकावर भागत असे.

पक्षाच्या बाबतीत असं काही नव्हतं. पक्षाध्यक्ष आणि पंतप्रधान भांडले तर पक्ष कुणाचा, याचं खात्रीचं उत्तर कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेवटी ते निवडणूक आयोगाला शोधावं लागलं. त्याने बहुमताची कसोटी लावून जगजीवन राम यांच्या गटाला मान्यता दिली आणि १९७१ मध्ये सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी उचलून धरली. याच निकालाचा आधार घेत आयोगाने २०२३ मध्ये शिवसेनेच्या आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या नाव-चिन्हाचा वाद निकाली काढला. म्हणजे १९६९ च्या फुटीतून निघालेलं उत्तर महाराष्ट्राचे मतदार आजही मतपत्रिकेवर पाहतात, आणि त्या उत्तराने किती लोकांचं समाधान होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

एखाद्या वर्षाची पदाधिकाऱ्यांची यादी हाती आली की आपली नजर ठळक नावांवर जाते. माझं सांगणं आहे की नावांशेजारच्या तारखा वाचाव्यात. एकाची मुदत संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, त्यांच्यामध्ये कोण होतं ते शोधावं. तिथे हिदायतुल्ला, शहा, खाडिलकर यांच्यासारखी माणसं भेटतात. त्यांनी ती जागा मागितली नव्हती, नियमाने ती त्यांच्याकडे आली, आणि काम संपल्यावर ते आपल्या जागी परतले. लोकशाही टिकते ती अशा नियमांवर आणि ते पाळणाऱ्या माणसांवर. जिथे असे नियम लिहिलेले नाहीत, तिथे ते भांडण पेटण्याआधी लिहून ठेवणं हे आपलं राहिलेलं काम आहे.